काबूलला परत जाणाऱ्या मुलीला काय सांगावं?

पत्र : माझ्या घरी २०२१च्या जूनपासून एक अफगाण मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहते. वय पंचवीस. पुण्यातच बी.ए. आणि एम.ए. केलं. आली तेव्हा काबूलमध्ये जुनं सरकार होतं, त्यानंतर ती एकदाही घरी गेलेली नाही. दोन-अडीच महिन्यांत तिचा व्हिसा संपतोय. घरी आईवडील, चौदा वर्षांची बहीण, एकोणीस वर्षांचा भाऊ आणि एक मोठा भाऊ आहे. मोठा पूर्वी पोलिसात होता, आता घरीच बसून असतो. वडिलांचं हृदयाचं दुखणं बळावलंय म्हणून ती परत जायचं म्हणते. तिचे मामा फोनवर सांगतात, आता सगळं शांत आहे, बॉम्ब फुटत नाहीत, ये. मला ती लेकीसारखी आहे. तिला अडवू का? आणि गेलीच, तर काय तयारी करून द्यावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नमस्कार.

अडवायचा हक्क तुम्हाला नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. नाहीतर तुम्ही विचारलंच नसतं. पण पुरती माहिती न घेता तिने विमानात बसू नये, एवढा आग्रह जरूर धरा. तालिबानला सत्तेवर येऊन चार वर्षं उलटून गेली असली तरी या मुलीने ती राजवट एक दिवसही अनुभवलेली नाही. तिच्या मनातलं काबूल २०२१च्या जूनमधलं आहे.

मामा खोटं बोलत नाहीत. देशातली लढाई थांबली आहे, रोजचे स्फोट पुष्कळ कमी झाले आहेत आणि पूर्वी ज्या महामार्गांवर जाण्याची हिंमत होत नसे तिथून आता बसगाड्या जातात. इस्लामिक स्टेटच्या खुरासान शाखेचे हल्ले मात्र पूर्ण थांबलेले नाहीत. काबूलच्या पश्चिमेला दश्त-ए-बर्ची या, हजारा नावाच्या शिया अल्पसंख्याकांच्या वस्तीतल्या काज शिकवणी केंद्रावर ३० सप्टेंबर २०२२ला हल्ला झाला, त्यात मेलेल्या बहुतेक मुलीच होत्या. घर त्या भागात असेल तर हा धोका वेगळा धरावा लागेल. पण मुख्य प्रश्न स्फोटांचा नाही. मामा ज्या शांततेबद्दल बोलतात ती चाळिशी-पन्नाशीच्या, दाढी राखलेल्या, मशिदीत जाणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला आलेली आहे. पंचवीस वर्षांच्या एम.ए. झालेल्या मुलीचा दिवस कसा जाईल, हे मामांच्या दिवसावरून कळत नाही.

हे फास कसे आवळले गेले तो क्रम तिच्यासमोर मांडा. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं. दोन दिवसांनी प्रवक्ते जबीहुल्ला मुजाहिद यांनी पत्रकार परिषदेत सर्वांना माफी जाहीर केली आणि शरियतच्या चौकटीत बायकांना काम व शिक्षण करता येईल असं सांगितलं. महिन्याभरात सातवीपासूनच्या शाळा फक्त मुलांसाठी उघडल्या आणि महिला मंत्रालयाच्या इमारतीत ‘अम्र बिल मारूफ’ म्हणजे सदाचाराचा प्रसार आणि दुराचाराला बंदी करणारं मंत्रालय येऊन बसलं. डिसेंबर २०२१मध्ये हुकूम निघाला : ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर बाईसोबत महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातलग हवा. २३ मार्च २०२२ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. मे २०२२मध्ये चेहरा झाकण्याचा हुकूम, नोव्हेंबरात बागा, जिम आणि सार्वजनिक हमाम बंद, २० डिसेंबरला विद्यापीठं बंद, २४ डिसेंबरला स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्या बंद. २०२३च्या जुलैत ब्यूटी पार्लर बंद. ऑगस्ट २०२४मध्ये ३५ कलमांचा कायदाच आला, ज्यात बाईचा आवाजही झाकून ठेवण्याची गोष्ट ठरली आणि सजीवांची चित्रं काढण्या-बाळगण्यावर बंदी आली. त्याच वर्षी डिसेंबरात मुलींचं नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही थांबवलं.

यातला प्रत्येक हुकूम आला तेव्हा लोक म्हणत होते, ‘हे तात्पुरतं आहे, पुढच्या सत्रात उघडेल.’ म्हणून तिला एकच गोष्ट निक्षून सांगा : बेत आजच्या नियमांवर आखू नकोस, याच्यापेक्षा कडक नियम उद्या येईल असं धरून आख. आज चालू असलेली नोकरी, उघडा असलेला क्लास, लागत असलेलं इंटरनेट, यांपैकी कशावरही वर्षभराचा भरवसा ठेवता येत नाही. २९ सप्टेंबर २०२५ला साऱ्या देशाचं इंटरनेट आणि बरेचसे फोन बंद पडले, ते सुमारे दोन दिवसांनी परत आले. त्या काळात परदेशातल्या मुलांना आईवडील कसे आहेत हेसुद्धा कळत नव्हतं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ७ मे २०२२च्या हुकमात चेहरा न झाकलेल्या बाईसाठी शिक्षेच्या पायऱ्या दिल्या आहेत, आणि त्या घरातल्या पुरुषासाठी आहेत. पहिल्यांदा घर शोधून वडिलांना किंवा भावाला ताकीद. दुसऱ्यांदा त्याला कार्यालयात बोलावणं. मग तीन दिवस कोठडी. त्यानंतर कोर्ट. तो सरकारी नोकर असेल तर नोकरीवरही गदा. परिणाम असा की रस्त्यावरच्या मुहतसिबाआधी, म्हणजे त्या मंत्रालयाच्या तपासनिसाआधी, घरातलाच माणूस मुलीला दारातून मागे फिरवतो. बाप वाईट असतो म्हणून नव्हे. तिच्या पायी मुलाला उचलून नेतील, ही भीती असते म्हणून. ही मुलगी पुण्यात इतकी वर्षं स्कूटर चालवत, एकटीने लायब्ररीत जात मोठी झाली आहे. तिच्या छोट्याशा हट्टाची किंमत एकोणीस वर्षांच्या भावाला मोजावी लागू शकते, आणि तिच्या घरात तर एक माजी पोलीस आहे. हे ओझं घेऊन जगणं तिला सर्वांत जड जाईल.

त्या मोठ्या भावाबद्दल स्पष्टच लिहितो. सर्वसाधारण माफी कागदावर आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातल्या मिशनने ऑगस्ट २०२१ ते जून २०२३ या काळात जुन्या सरकारचे अधिकारी आणि सुरक्षा दलांतले लोक यांच्या किमान २१८ बेकायदा हत्या नोंदवल्या. अटका आणि मारहाण वेगळी. वरून आदेश नसला तरी स्थानिक कमांडर जुनं वैर काढतो, शेजारी चुगली करतो. तेव्हा या घराकडे कुणाचं लक्ष वेधलं जाणार नाही, ही तिच्या परतण्यातली पहिली अट आहे. परदेशातून शिकून आलेली मुलगी म्हणजे पाहुण्यांची वर्दळ आणि गल्लीत चर्चा.

आता उपाय. आमच्या मते वडिलांकडे तिने जाण्याआधी वडिलांनाच इकडे आणण्याचा पूर्ण प्रयत्न करावा. अफगाण नागरिकांना उपचारासाठी मेडिकल व्हिसा आणि सोबत्यासाठी मेडिकल अटेंडंट व्हिसा मिळू शकतो. तिने वडिलांचे ईसीजी, इको, रक्ततपासण्या आणि अँजिओग्राफी झाली असल्यास तिची फाइल फोनवर मागवावी. मोठ्या रुग्णालयांत परदेशी रुग्णांसाठी वेगळा कक्ष असतो; तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाला हे दाखवून उपचारांचा अंदाजे खर्च आणि व्हिसासाठीचं पत्र, दोन्ही लेखी घ्यावं. पत्रात रुग्णाचं आणि सोबत्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने हवं. बरेच अर्ज इथेच अडकतात, कारण अफगाण कागदपत्रांत एकच नाव तझकिऱ्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. सोबती म्हणून जास्तीत जास्त दोघे, आणि तेही जवळचे नातेवाईक. धाकटा भाऊ आणि बहीण आले तर त्या धाकट्या बहिणीला काही काळ तरी मोकळा श्वास मिळेल. व्हिसा मिळेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि पैसे घेऊन हमी देणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

तोवर तिचा स्वतःचा मुक्काम कायदेशीर राहिला पाहिजे. मुदत संपायच्या आत ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज झाला पाहिजे. संपल्यानंतर केलेला अर्ज म्हणजे दंड, खुलासे आणि पुढच्या व्हिसात अडचण. विद्यार्थी म्हणून राहायचं तर नव्या अभ्यासक्रमाचा प्रवेश, बोनाफाइड प्रमाणपत्र, फी भरल्याची पावती आणि राहण्याचा पुरावा लागेल. तुमच्या घरच्या पत्त्याचा करार आणि परदेशी पाहुण्याची नोंद तुमच्याकडून व्यवस्थित झालेली असू द्या. पीएच.डी. किंवा डिप्लोमाच्या प्रवेशाच्या तारखा आजच बघायला लागा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्यालय दिल्लीत आहे, तिथे नोंदणी होते. पण भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे आणि त्यावर नोकरीचा परवाना मिळत नाही.

आणि एकदा बाहेर पडलं की परतीचा दरवाजा उघडा राहील असं तिने गृहीत धरू नये. २५ ऑगस्ट २०२१ला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा एका आदेशात रद्द केले होते. सुट्टीला घरी गेलेले विद्यार्थी, त्यात पुण्यातलेही, तिकडेच अडकले. काहींनी उरलेली पदवी ऑनलाइन पुरी केली, काहींची राहूनच गेली.

इतकं करूनही तिचा निर्णय जाण्याचाच असेल, तर मग नीट तयारी करून पाठवा.

गुणपत्रिका, पदवी आणि विद्यापीठाचे ट्रान्स्क्रिप्ट तिने स्वतः इथे असतानाच काढावेत. ट्रान्स्क्रिप्टच्या निदान चार बंद पाकिटातल्या प्रती घ्या. परदेशी विद्यापीठं सीलबंद प्रत मागतात आणि काबूलहून ती मागवणं फार कठीण जातं. परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन करून घ्या. मूळ पदवी तिने तुमच्याकडे ठेवावी, सोबत स्कॅन न्यावं. मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात पासपोर्टचं काम असेल तर ते निघण्याआधी उरकावं, पण एक लक्षात ठेवा : नोव्हेंबर २०२४पासून तिथे काबूलच्या सध्याच्या सरकारने नेमलेला अधिकारी काम पाहतो. अर्जात जेवढं विचारलंय तेवढंच लिहावं, मोठ्या भावाचा विषय काढू नये.

काबूल विमानतळावर घ्यायला वडील किंवा सख्खा भाऊ यायला हवा. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा पुरुष : बाप, भाऊ, मुलगा, आजोबा, काका, मामा, भाचा, पुतण्या. याखेरीज नवरा. मामा चालतील, मामेभाऊ चालणार नाही. हा फरक आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात येत नाही आणि तिथे चौकीवर नेमकी इथेच फजिती होते. येणाऱ्याने स्वतःचा तझकिरा सोबत ठेवावा, म्हणजे नातं दाखवता येईल. परत येतानाही हाच प्रश्न उभा राहील. मार्च २०२२पासून एकट्या बायकांना विमानात बसू न दिल्याचे प्रसंग घडले आहेत. तिकीट काढण्याआधी विमान कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्यावं आणि शक्यतो भावासोबतच प्रवास ठरवावा.

कपड्यांचं म्हणाल तर काबूलमध्ये पायघोळ काळा अबाया, मोठा हिजाब आणि चेहऱ्यावर मास्क, एवढ्यावर पुष्कळदा निभतं. कंदाहार किंवा दक्षिणेत कुठे जायची वेळ आली तर निळी चादरी, म्हणजे अंगभर अफगाण बुरखा लागेल, ती तिकडेच घ्यावी. पण ‘चालतं’ याचा अर्थ मुहतसिब त्या दिवशी काय म्हणतो एवढाच. जानेवारी २०२४मध्ये काबूलच्या काही भागांत ‘खराब हिजाब’ म्हणून मुलींना रस्त्यावरून उचललं, त्यातल्या बऱ्याच जणी अंग झाकूनच फिरत होत्या. २०२४च्या कायद्याने या तपासनिसांना तीन दिवसांपर्यंत डांबून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. टॅक्सीवाला एकट्या बाईला बसवत नाही, कारण शिक्षा त्यालाही होते. बाहेर पडताना भाऊ सोबत, काम ठरलेलं, रस्ता रोज तोच नको.

फोनबद्दल जास्त काळजी घ्या. चौक्यांवर फोन उघडून बघतात. पुण्यातले ग्रुप फोटो, गाणी, मित्रांशी गप्पा, मोर्चाचे किंवा महिला हक्कांचे संदेश, मोठ्या भावाचे गणवेशातले फोटो, हे सगळं निघण्याआधी दुसरीकडे ठेवून फोनमधून काढायचं. ‘अलीकडे काढलेले’ या कप्प्यातूनही. पण अगदी कोरा फोनही संशय आणतो. घरच्यांचे साधे फोटो, आईशी झालेलं बोलणं, हवामान, नमाजच्या वेळा असं रोजचं सामान त्यात असू द्यावं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जुनी खाती लॉगआउट करून भागत नाही, नावाने शोधल्यावर ती सापडतात. ती तिने स्वतः बंद करावीत. आणि ताई, तुम्हीसुद्धा तिच्यासोबतचे फोटो काढून टाका.

औषधं सहा महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात. बाईला बाईनेच तपासायचं आणि नव्या डॉक्टर-नर्स तयारच होऊ द्यायच्या नाहीत, अशा कात्रीत तिथल्या बायकांचं आरोग्य सापडलं आहे. पाळीचे त्रास, दात, डोळे, थायरॉइड, जे काही तपासायचं असेल ते पुण्यातच आटपून घ्या.

पैशांचा प्रश्न नाजूक आहे. तुम्ही तिला मदत पाठवाल, हे आम्ही गृहीत धरतो. काबूलचे व्यवहार सराय शहजादा या सराफ बाजारातून हवाल्याने चालतात आणि तिथे ते उघड चालतात. पण भारतातून हवाल्याने पैसे पाठवणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदा आहे, आणि पैसे काबूलला गेले की चौकशी आणखी गंभीर होते. कितीही ओळखीचा माणूस असला तरी त्या वाटेला जाऊ नका. बँकेतून कायदेशीरपणे पाठवता येतात, पण बऱ्याच बँका अफगाणिस्तानचं नाव काढलं की नकार देतात. त्यापेक्षा तिने कस्टमच्या मर्यादेत, रीतसर बदललेले डॉलर बँकेच्या पावतीसह सोबत न्यावेत. उरलेली मदत तुम्ही इथेच करा : ऑनलाइन अभ्यासक्रमाची फी, वडिलांच्या इथल्या तपासण्या, पुढच्या व्हिसाचे खर्च.

बहिणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या घरातली सर्वांत अडचणीत असलेली व्यक्ती तीच आहे. चौदा वर्षांची, म्हणजे सहावी संपलेली. तिच्यापुढे मदरसा, शिवण-भरतकाम आणि लग्न असे तीनच रस्ते उघडपणे उरतात. डिसेंबर २०२१च्या फर्मानात मुलीच्या संमतीशिवाय लग्न नाही असं लिहिलं आहे. पण शाळा बंद, पैसे नाहीत, मुलगी घरात बसून, अशा घरात संमती कशी घेतली जाते ते सांगायला नको. मोठी बहीण घरी परतण्याचा खरा उपयोग इथे होऊ शकतो. तिने बहिणीला सातवी ते बारावीचं शिकवावं. शेजारच्या मुली जमवायच्या तर तीन-चारच, एकाच वेळी येणार-जाणार नाहीत अशा, हातात दप्तराऐवजी शिवणाचं सामान, आणि फळ्यावर लिहून ठेवलेलं काही मागे राहणार नाही असं. निघताना दारी भाषेतली पाठ्यपुस्तकं, इंग्रजीचे धडे, गणित-विज्ञानाचे व्हिडिओ दोन मेमरी कार्डांवर भरून न्यावेत, म्हणजे इंटरनेट गेलं तरी अभ्यास अडणार नाही. हिवाळ्यात वीज तासन्‌तास जाते, म्हणून मोठी पॉवर बँक आणि छोटा सोलर चार्जर. रेडिओ बेगमवर मुलींचे धडे लागत. फेब्रुवारी २०२५मध्ये ते केंद्र बंद करून नंतर परवानगी दिली, तेव्हा त्याच्यावर अवलंबून राहता येत नाही. पॅरिसहून चालणारी बेगम टीव्ही वाहिनी उपग्रहावरून दिसते. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल ही ऑनलाइन संस्था अफगाण मुलींना शिष्यवृत्ती देत आली आहे, बारावीच्या पात्रतेचा प्रश्न सुटला की तिकडे अर्ज करता येईल.

धाकट्या भावाला दाढी मुठीएवढी वाढवावी लागेल, केस कापण्याची पद्धत, मशिदीत सर्वांसोबत नमाज, फोनमधलं संगीत हे सगळं बघितलं जातं. तो बाहेरची सगळी कामं करणारा एकटा हात होईल, त्याच्याशी तिने आधी फोनवर मोकळं बोलावं.

पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी परत आली की नातलग स्थळं आणणार, आणि ‘नवरा हाच महरम’ हे कारण पुढे करणार. तिने वडिलांशी हा विषय जायच्या आधीच बोलून घ्यावा. छळ झालेल्या बायकांसाठी पूर्वी असलेली आश्रयगृहं बंद झाली आहेत आणि घटस्फोटासाठी बाईला न्यायालयात उभं राहणं जवळपास अशक्य झालं आहे. झालेलं लग्न तिथे मोडता येत नाही, असं धरूनच तिने होकार-नकार द्यावा.

एक विनंती तुम्हाला. तिच्या धर्माबद्दल तिला काही सुनावू नका. ती नमाज पढणारी मुलगी असेल तर तिला याचं दुःख आपल्यापेक्षा जास्त आहे. कैरोच्या अल-अझहर या मोठ्या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनी विद्यापीठबंदीवर उघड टीका केली. खुद्द तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५मध्ये मुलींच्या शिक्षणबंदीला कोणताही आधार नाही असं जाहीर भाषणात म्हटलं आणि नंतर त्यांनी देश सोडल्याच्या बातम्या आल्या. कंदाहारला बसलेल्या, तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादांच्या शब्दापुढे मंत्र्यांचंही चालत नाही, मग घरातल्या बापाचं काय चालणार?

या आठवड्यात दोन कामं करा. तिला सोबत घेऊन वडिलांचे रिपोर्ट मागवा आणि रुग्णालयाच्या परदेशी रुग्ण कक्षात जाऊन या. आणि तिच्या पासपोर्टवरची व्हिसाची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघून, त्याच्या महिनाभर आधी ई-एफआरआरओचा अर्ज भरला जाईल असं ठरवा. जायचं की राहायचं ते तिला त्यानंतर ठरवू द्या.